अर्थिंगचा खड्डा

साहेब, तुम्ही पाहिलं होतं. वाकून पाहिलं, अंगठ्यानं घासून पाहिलं, आणि उठून कागदावर दुसरंच लिहिलं. तुमच्या त्या दीड पानानं याकोब कसबे नावाच्या वायरमनचा परवाना गेला आणि एका बाईला मारणारा म्हणून त्याचं नाव गावभर झालं. एकोणीस वर्षं झाली. तुम्ही निवृत्त होऊन कुठेतरी नातवंडं खेळवत असाल. तुमचं नाव मी घेत नाही, कचेरीचंही घेत नाही. पण काय झालं ते पहिल्यापासून सांगतो, कारण तेव्हा तुम्ही मला ते विचारलंच नव्हतं.

याकोब माझ्या अंगणात उकिडवा बसून बोटानं मातीवर चौकोन काढत होता. पन्नाशी उलटलेला माणूस, नाकावर घसरलेला चष्मा, शर्टाच्या खिशात टेस्टर. मिशन कंपाउंडात राहायचा. बोलायचा सावकाश, जणू प्रत्येक शब्द आधी टेस्टर लावून बघायचा.

"इथं खणा," तो म्हणाला. "दीड हात लांब, दीड हात रुंद. खोल तुमच्या छातीइतका."

मी म्हणालो, याकोबराव, नळाला मोटर बसवायची आहे, विहीर नाही काढायची.

तो हसला नाही. खड्ड्यात तांब्याची पट्टी उभी करायची, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ थरावर थर द्यायचं, मधून एक पाइप वर काढायचा, हे त्यानं मला लेकराला समजावावं तसं समजावलं. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आणि त्या पाइपातून महिन्यात दोनदा बादलीभर पाणी ओतायचं. उन्हाळ्यात दर आठवड्याला."

माझी बायको कुशावर्ता राखेनं भांडी घासत बसली होती. तिचा हात थांबला.

आमच्या गावात नळ नवव्या दिवशी यायचा. पाऊण तास. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांच्या पाण्यात फरशी, आणि फरशीचं पाणी संडासात, असा एका बादलीचा तीन ठिकाणी प्रवास व्हायचा. पाहुणा आला की आधी त्याच्या हातात पाण्याची बाटली आहे का ते आम्ही बघायचो. अशा गावात हा माणूस जमिनीला पाणी पाज म्हणत होता.

"मामा," कुशावर्ता म्हणाली, "आमची लेकरं तिसऱ्या दिवशी आंघोळ करायलीत. आधी त्यांना घालू का तुमच्या खड्ड्याला?"

"खड्डा कोरडा तर अर्थिंग मेलं, ताई," याकोब म्हणाला. "मोटरीच्या अंगात करंट उतरला तर त्याला मातीत जायला वाट लागते. वाट नसली की तो माणूस शोधतो."

मी म्हणालो, सगळी गल्ली अर्थिंगची हिरवी वायर नळाच्या पाइपाला बांधते. माझ्या बापानं तीस वर्षं बांधली. कुणाला काय झालं?

त्यानं चष्मा वर सरकवला. पूर्वी नळ पार टाकीपर्यंत लोखंडाचा होता, तेव्हा ते चालून गेलं, म्हणाला. दोन वर्षांपूर्वी गल्लीतली मोठी लाईन प्लास्टिकची झाली. आता लोखंड उरलंय ते फाट्यापासून घरापर्यंत, दहा-बारा फूट. "आणि ते बी तुमच्या एकट्याचं नाही, फिटरभाऊ. त्याच पाइपाचा एक हात शेजारच्या गयाबाईच्या नळाला गेलाय."

हे तो बोलला. मी ऐकलं. साहेब, हे वाक्य नीट वाचा, कारण तुमच्या दीड पानात ते नाही.

त्या दिवशी त्यानं अंगणातल्या भिंतीवर बोर्ड बसवला, स्विच, फ्यूज, तीन पिनांची जागा, सगळं चोख. फक्त हिरव्या वायरचं टोक जोडलं नाही. ते गोल गुंडाळून काळ्या टेपनं बांधलं आणि बोर्डाखाली लोंबतं ठेवलं. खड्डा झाला की हाक मारा, मीच येऊन जोडीन, तोवर मोटर लावू नका, असं दोनदा बजावून सायकलवर टांग मारून गेला.

मी त्याची वायर आणि त्याचा उपदेश, दोन्ही लोंबतं ठेवलं.

मी तेल गिरणीत फिटर होतो. घाण्याचा गिअर फाटला तर कंपनीचा माणूस येण्याआधी मी तो चालू करून द्यायचो. घरातही तेच. मागच्या खोलीची कवेलू मी बदलायचो, नळ मी बसवायचो, चुलीचा ओटा मी बांधला. एकदाच चूक केली, मोरी बांधायला कंत्राटदार लावला. त्या दिवट्यानं मोरीचा उतार स्वयंपाकघराकडं दिला. पहिली आंघोळ मी केली आणि पाणी कुशावर्तेच्या तव्यापाशी जाऊन थांबलं. बोलवायला गेलो तर म्हणाला, घरच वाकडं आहे तुमचं. तो सिमेंटचा गिलावा मी छिन्नीनं स्वतः उखडला, पुन्हा स्वतः केला, आणि त्या दिवसापासून ठरवलं की या घराला परका हात लागणार नाही. गल्लीत मी हे इतक्यांदा सांगितलं होतं की लेकरंसुद्धा माझी नक्कल करायची.

मग याकोबला तरी का बोलावलं? कारण मीटरचे कायदे होते, बोर्ड परवान्याच्या माणसानं बसवावा लागायचा. तेवढ्यापुरता तो हवा होता. बाकी खड्ड्याचं मी मनात म्हटलं, ज्याचं पोट खड्ड्यावर तो खड्डाच सांगणार. मोटरसुद्धा मी विकत आणली नव्हती. गिरणीच्या भंगारातली अर्ध्या एचपीची मोटर उचलली, जेवणाच्या सुट्टीत बसून तिची कॉइल स्वतः भरली, निळा रंग दिला. नव्यासारखी दिसत होती. मी तिच्याकडं असा बघायचो जसा बाप पहिल्या लेकराकडं बघतो.

आता गयाबाई. तिचं आणि माझं घर एका भिंतीचं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एक लेक द्वारका, बावीस-तेवीस वर्षांची, नांदायला गेलेली आणि परत आलेली. मायलेकी शाळेची खिचडी शिजवायच्या. त्यांना मोटर नव्हती. आमच्या भागात ज्याला मोटर नाही तो नळासाठी खड्डा खणतो; नळ जेवढा खाली तेवढं पाणी जास्त येतं. गयाबाईनं अंगणात कंबरेइतका खड्डा केला होता, उतरायला तीन पायऱ्या. नळाच्या दिवशी ती अनवाणी त्यात उतरायची, तांब्यानं घागर भरायची आणि द्वारकेच्या हातात वर द्यायची. इकडं गल्लीतल्या मोटरी सुरू झाल्या की तिच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची, मग सुतळीएवढी, मग नुसती फुसफुस.

माझी मोटर पहिल्यांदा लागली त्या दिवशी तिनं भिंतीवरून आवाज दिला, "फिटर, माझ्या नळाला नुसता वारा यायलाय. मी काय वारा भरून ठेवू घागरीत?"

मी गच्चीवरून म्हणालो, ठेव, उन्हाळ्यात विकता येईल.

"तुझ्या मोटरीला पटकी येवो," ती म्हणाली, आणि हसली. तशी हसायची ती. शिवी देऊन झाली की तिचं तिलाच हसू यायचं. त्या दिवशी टाकी भरल्यावर मी दोन घागरी भिंतीवरून तिला दिल्या. मनात म्हटलं, झालं, हिशेब बरोबर.

होय, मोटर मी लावली. नळाच्या दिवसाला थोडाच कुणी थांबतो? याकोब सोमवारी खड्डा बघायला येणार होता, नळ रविवारी आला. काळा टेप सोडला, हिरवी वायर उलगडली, गिरणीतून आणलेल्या पत्र्याच्या पट्टीनं ती नळाच्या पाइपाला आवळली. गंज असला तर करंट धरत नाही म्हणून आधी कानशीनं पाइप घासून बोटभर रुंदीचं कडं चकचकीत केलं. काम चोख करायची माझी सवय.

सोमवारी याकोब आला. मी दारातच गाठलं, खणायचं राहिलंय म्हणालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. गिरणीत डबल पाळी आहे म्हणालो. तो म्हणाला, "मी माणूस पाठवू का खणायला?" मी म्हणालो, माझ्या अंगणात मीच खणतो. दोन्ही वेळा त्याला आत येऊ दिलं नाही. आत आला असता तर हिरवी वायर त्याला दिसली असती.

दुसऱ्या वेळी नळ आला तेव्हा फ्यूज उडाला. मी त्याच्यात दोन पदरी तार घातली. मग उडाला नाही.

तिसरा नळ गुरुवारी आला, सकाळी सात-सव्वासातला. मी गच्चीवर टाकीपाशी होतो. द्वारका शाळेत चूल पेटवायला पुढं गेली होती, गयाबाई एकटीच खड्ड्यात. मोटरीचा आवाज थोडा जड झालेला माझ्या कानाला कळला. यंत्राचा आवाज मला माणसाच्या आवाजाआधी कळतो. म्हटलं, टाकी भरत आली आहे, भरू दे, मग बघू.

तेवढ्यात भिंतीपलीकडून "फिटर" अशी हाक आली. पूर्ण नाही. अर्धी. ओरडल्यासारखी पण नव्हती. घशात घास अडकलेल्या माणसानं मारावी तशी.

मला वाटलं, तिच्या नळाला वारा यायला लागला असेल.

"दोन मिनिटं थांब गं गयाबाई," मी वरून म्हणालो. "भरतच आलीय."

आणि टाकी काठोकाठ भरेपर्यंत मी मोटर चालू ठेवली. दोन मिनिटं नाही. चार तरी असतील. पाणी ओसंडलं तेव्हा खाली उतरून स्विच बंद केला, आणि मग भिंतीवरून वाकून बघितलं, दोन घागरी देतो म्हणून सांगायला.

ती खड्ड्यात बसल्यासारखी होती, पाठ भिंतीला टेकलेली. हात नळावरून सुटला होता. तांब्या पाण्यात तरंगत होता. मी भिंतीवरून उडी मारली. गल्ली गोळा झाली, बायकांनी तिला वर काढलं, कुणी तळपाय चोळले, कुणी कांदा फोडून नाकाला लावला. रिक्षा मिळेना म्हणून तिला बाजेवर घालून नेलं. दवाखान्यात डॉक्टरनं बाज खाली ठेवूसुद्धा दिली नाही, नुसती मान हलवली.

द्वारका शाळेतून पळत आली. राख लागलेल्या हातांनी तिनं आईचं तोंड धरलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, भाऊ, कसं झालं? मी म्हणालो, करंट लागला. कशाचा, असं तिनं विचारलं नाही. माणूस गेला की पहिल्या दिवशी कुणी असं विचारत नाही.

तुम्ही चौथ्या दिवशी अपघाताची तपासणी करायला आलात, साहेब. पण तुमच्या आधी तासभर याकोब आला. त्याला तुमच्या कचेरीतून बोलावणं गेलं होतं. त्यानं सायकल भिंतीला लावली, आधी गयाबाईच्या दारात जाऊन द्वारकेला हात जोडले. मग तो माझ्या अंगणात आला. बोर्ड बघितला. बोर्डाखाली हिरवी वायर गोल गुंडाळलेली, काळ्या टेपनं बांधलेली, त्यानं ठेवली होती अगदी तशीच लोंबत होती. तो बराच वेळ त्या टेपकडं बघत राहिला. मग पाइपाकडं गेला, खाली बसला, आणि बसूनच राहिला.

"फिटरभाऊ," तो म्हणाला, "पट्टी कधी काढली?"

मी म्हणालो, कोणती पट्टी?

त्यानं आवाज चढवला नाही. गंजलेल्या पाइपावर ते बोटभर कडं कासाराच्या दुकानातल्या भांड्यासारखं चमकत होतं. त्यावर त्यानं बोट ठेवलं. "मी टेप उजवीकडून गुंडाळतो. सगळी हयात तसाच गुंडाळलाय. ही डावीकडून आहे."

मी पाइपाकडं पाठ फिरवली.

आता ते सांगतो जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गयाबाईला बायका बाजेवर घालत होत्या, कुणी रिक्षा बघायला धावलं होतं, सगळ्यांची तोंडं पलीकडच्या अंगणात होती, तेव्हा मी परत भिंत चढून माझ्या अंगणात आलो होतो. पाना घेतला. पट्टी सोडली, विजारीच्या खिशात टाकली. वायर गुंडाळली, टेप लावला. मग उडी मारून परत गेलो आणि बाजेचा पुढचा पाय माझ्या खांद्यावर घेतला. दवाखान्यापर्यंत ती पट्टी मांडीला टोचत होती.

याकोब म्हणाला, "मी बोललो तर म्हणतील कातडी वाचवायला बोलतोय. तुम्ही बोललात तर ऐकतील. चूक झाली, वाईट हेतू नव्हता, एवढं सांगा. तुम्हाला फाशी नाही देणार कुणी." गयाबाईच्या दाराकडं बघून म्हणाला, "त्या पोरीला निदान खरं कळू द्या."

मी म्हणालो, साहेबांना येऊ द्या.

त्याला ते होय वाटलं. तो ओट्याच्या कडेला बसला आणि तुमची वाट बघू लागला. चेहऱ्यावर अशी शांतता, जणू माझ्या शब्दावर त्यानं घर बांधलं होतं.

तुम्ही आलात. कुशावर्तेनं ठेवणीतले कप काढले. तुम्ही बोर्ड बघितला, हिरवी वायर हाताळली, मोटर ठोकून बघितली, मग गयाबाईच्या खड्ड्यात दोन पायऱ्या उतरलात. बूट भिजू नयेत म्हणून तिसरी उतरला नाहीत. तिथून माझ्या अंगणात येऊन पाइपापाशी वाकलात. ते कडं तुम्ही बघितलं. अंगठा त्यावरून फिरवलात, एकदा, दोनदा, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलंत. साहेब, मी कमी शिकलेला माणूस आहे, पण यंत्रावर काम करणाऱ्याची नजर मला कळते. तुम्हाला सगळं समजलं होतं. त्या एका नजरेत तुम्ही मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलोय.

तुम्ही विचारलंत, "बोर्ड कोणी बसवला?"

मी म्हणालो, "याकोब कसबेनं."

हे खरं होतं. जन्मात मी इतकं खरं आणि इतकं घाण कधी बोललो नाही.

"अर्थिंग जोडलं होतं का त्यानं?"

"नाही."

हेही खरं.

याकोब उभा राहिला होता. त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मला वेळ दिला. मी कपाकडं बघत होतो. मग तो म्हणाला, साहेब, मी एक बोलू का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, तुला लेखी विचारू. मी घर-जमीनवाला, गिरणीतला कायम माणूस. तो सायकलवरचा. परवाना त्याच्याकडं होता, म्हणजे चूक लिहायला नाव तयार होतं. मोटरीच्या ओल्या रबरी नळीतून करंट पाइपात उतरला असं तुम्ही लिहिलंत. तुम्हालासुद्धा हसू आलं असेल लिहिताना. अर्थिंग न करता काम अर्धवट टाकून गेला, हे त्याच्या नावापुढं लिहिलंत. मला खाली सही करायला सांगितलंत, आणि मी केली.

जाताना याकोब माझ्यापाशी थांबला. मला वाटलं आता शिवी देईल, आणि दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "खड्डा मात्र खणून घ्या. लेकरं आहेत घरात." आणि गेला.

खणला मी. छातीइतका. दर आठवड्याला बादलीभर पाणी पाजतो त्याला, आजही. त्या पाण्यावरून कुशावर्ता एका शब्दानं बोलत नाही. विजार धुताना ती पट्टी तिला सापडली होती. तिनं ती माझ्या ताटाशेजारी ठेवली, भाकरी वाढली आणि उठून गेली. त्यानंतर आमच्यात या विषयावर बोलणं झालं नाही, आणि नवरा-बायकोत बोलणं होतं ते इतर विषयांवरही हळूहळू कमी झालं.

याकोबला पुन्हा कुणी घरात घेतलं नाही. सायकलीच्या दुकानाबाहेर पोतं टाकून तो इस्त्र्या आणि मिक्सर दुरुस्त करायचा. अजूनही बसतो, आता नजर गेलीय तरी. मी त्या रस्त्यानं जात नाही. मोंढ्याकडून वळसा घालतो.

आणि द्वारका. तिचं घर कुणी बघायचं? मी बघितलं. आई गेल्यावर पंधरा दिवसांत मी तिचा खड्डा बुजवला, नळ वर घेतला, माझ्या टाकीतून तिला नळी दिली. तिचे पत्रे बदलले, दार बसवलं, मोरी बांधली, उतार बरोबर दिला. एक पैसा घेतला नाही. ती राखी बांधायला लागली. बायकांत सांगते, तो मेला वायरमन माझ्या आईला खाऊन गेला, तेव्हापासून आपण कारागीर म्हणून उंबऱ्यात घेत नाही कुणाला. माझा भाऊ आहे, त्याचा हात लागला की मी बिनघोर झोपते. एकदा भर बाजारात ती याकोबच्या पोत्यासमोर थुंकली. मला घरी येऊन अभिमानानं सांगितलं. मी तिच्या चुलीचं धुराडं नीट करत होतो. करत राहिलो.

ते प्रकरण पुन्हा उघडा म्हणून मी तुमच्या कचेरीला तीन अर्ज केले. पहिल्या दोनांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं: सदर प्रकरण जुने असून कागदपत्रे नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आली आहेत. म्हणजे तुमच्या लेखी याकोब निर्दोषही नाही आणि दोषीही नाही. कागद गेला. थुंकी राहिली.

परवा द्वारका दारात आली. आता ती खानावळ चालवते, चाळीस डबे जातात, पाणी पुरत नाही. मोटर घेतलीय म्हणाली, नवी, खोक्यातली. बुधवारी नळ आहे, त्याच्या आत बसवून द्या. "आणि ते अर्थिंग का काय ते, तुमच्याच हातानं करा, भाऊ. माझा दुसऱ्या कुणावर इस्वास नाही."

मी म्हणालो, हे काम माझ्याकडून नको.

ती हसली. तिच्या आईसारखी हसते. म्हणाली, आता म्हातारपणी भाव खायलात का?

मी म्हणालो, याकोबला बोलाव. त्याला दिसत नसेल तर तो सांगेल आणि मी हात चालवीन, पण तो उभा राहिल्याशिवाय तुझ्या घरात वायर जोडली जाणार नाही.

तिचं हसू गेलं. चौकटीला धरून ती उभी राहिली. मागं चुलीपाशी कुशावर्ता भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज बंद झाला.

"ज्यानं माझी माय मारली त्याला मी घरात घेऊ?" द्वारका म्हणाली. "एकोणीस वर्षांत तुम्ही त्याचं नाव काढलं नाही. आज काढलं. कामून? मला सांगा, भाऊ. कामून?"